ठाणे खाडी बोटीने, होडीने आणि पायी: आधी भरती, मग तिकीट

दर हिवाळ्यात ऐरोलीच्या धक्क्यावर हिरमुसलेली मंडळी भेटतात. फ्लेमिंगो दिसले, पण फार लांब. किंवा दिसलेच नाहीत, नुसतं पाणी बघून आलो. कुणाचे फोटो काळे आलेले असतात, कुणाची मुलं उन्हाने रडवेली झालेली असतात. जरा चौकशी केली की कळतं, रविवार मोकळा होता म्हणून रविवार घेतला आणि सकाळची फेरी मिळाली म्हणून सकाळी आले. त्या दिवशी भरती किती वाजता होती हे कुणीच पाहिलेलं नसतं. सगळं फिसकटतं ते तिथेच, घरबसल्या.

या लेखात ठाणे खाडी तीन तऱ्हांनी बघायची पद्धत क्रमाने दिली आहे: ऐरोलीहून मोठ्या बोटीने, लहान होडीने, आणि काठाकाठाने पायी. पायी म्हणजे ऐरोलीच्या कांदळवनातली वाट आणि नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी. तिन्ही एकाच दिवसात बसवता येतात, पण त्यांचा क्रम दर दिवशी वेगळा असतो. तो कसा ठरवायचा, यावरच मी जास्त वेळ घालवणार आहे.

टप्पा १: भरती-ओहोटीचं गणित

फ्लेमिंगो उघड्या चिखलावर आणि उथळ पाण्यात मान खाली घालून, चोच उलटी बुडवून खातात. पाणी पूर्ण भरलं की त्यांचा चिखल बुडतो आणि थवे काठाच्या पाणथळींकडे उडून जातात. पाणी पूर्ण उतरलं की चिखल पक्ष्यांनी भरून जातो, पण तेव्हा बोट धक्क्यालाच टेकलेली असते. पक्षी आणि बोट दोघांनाही सोयीचा असा काळ मधे थोडाच असतो आणि आपल्याला तोच गाठायचा आहे.

१. मोबाइलवर भरती-ओहोटीचं कुठलंही ॲप उघडा आणि ठिकाण म्हणून मुंबईचं अपोलो बंदर निवडा. ऐरोली खाडीच्या बरीच आत आहे, त्यामुळे तिथे भरती अपोलो बंदराहून थोडी उशिरा पोचते. ॲपमधली वेळ मिनिटावर धरू नका.

२. ॲप हाताशी नसेल तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब वापरा: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. दशमी असेल तर साडेसात. अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पौर्णिमा-अमावस्येला उत्तर सव्वाअकरा येतं, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. तासाभराची चूक पोटात घेऊन हा हिशेब वापरायचा. दोन महिन्यांनंतरच्या कुठल्या शनिवारी काय जमेल, हे कॅलेंडरवर नुसतं बोट ठेवून सांगायला तो फार उपयोगी पडतो.

३. वेळ मिळाली की उंची बघा. अपोलो बंदरावर उधाणाची भरती सरासरी ४.४ मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीला पाणी पाऊण मीटरवर येतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आगेमागे, भरती ३.३ मीटरच्या आसपास थांबते आणि ओहोटी १.९ मीटरवर. उधाणाला साडेतीन मीटरहून जास्त पाणी वर-खाली होतं, भांगाला दीड मीटरही नाही.

४. पाणी एकसारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्या तासात पुन्हा एक भाग पाणी जातं. उधाणाच्या दिवशी तिसऱ्या तासात जवळजवळ मीटरभर पाणी निघून जातं. चिखलाचा काठ बघता बघता उघडा पडतो आणि बोटीच्या खालचं पाणीही तितक्याच वेगाने जातं.

यावरून निघणारा नियम असा: भरतीच्या माथ्यानंतरचा पहिला दीड-दोन तासांचा काळ बोटीसाठी उत्तम. बोटीला अजून पुरेसं पाणी असतं, काठाचा चिखल डोकं वर काढू लागतो आणि गेलेले थवे परत उतरायला लागतात. भरती चढत असतानाच्या फेरीत उलटं होतं, तुम्ही पुढे सरकता आणि पक्षी उठून जातात. भांगाच्या दिवसांत हा सगळा प्रकार संथ चालतो, वरच्या काठाचा चिखल धड बुडतही नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी भांगाचा दिवस सुचवतो. वेळ अर्ध्या तासाने चुकली तरी फार बिघडत नाही.

> तपासा: ठरवलेल्या दिवसाची भरतीची वेळ, भरतीची उंची आणि ओहोटीची वेळ या तीन गोष्टी कागदावर लिहिल्या का? त्या हातात आल्याशिवाय पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा २: दिवसाचा क्रम

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. थवे मोठे दिसतात ते जानेवारीपासून पुढे. चिखलपायटे, तुतारी अशी थंडीतली पाहुणी पाखरंही हवी असतील तर फेब्रुवारी संपायच्या आत जा. एप्रिल-मेमध्ये फ्लेमिंगो असतात, पण दमट उन्हात दोन तास बोटीत बसणं लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना झेपत नाही. पावसाळ्याचा विचारच करू नका.

दिवस ठरला की भरतीच्या वेळेप्रमाणे पुढीलपैकी एक क्रम धरा.

*भरती सकाळी ७ ते ९ (नवमी ते द्वादशी).* सगळ्यात सोपा दिवस. आधी ऐरोलीची बोट, साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यानची. उतरल्यावर ओहोटी लागत असते, तेव्हा कांदळवनातल्या वाटेने सावकाश चाला. दुपारी घरी किंवा सावलीत. साडेचार-पाचला नेरूळ गाठा. संध्याकाळची भरती चढत येते तसे पक्षी पाणथळींकडे सरकू लागतात आणि अंधार पडायच्या आत ते बघायला मिळतात.

*भरती ११ ते १ (चतुर्दशी ते प्रतिपदा).* क्रम उलटा. सकाळी साडेनवाला नेरूळ, पाणी चढेल तसे थवे आत येतात. भरती पूर्ण होईपर्यंत तिथे थांबा. मग गाडीने ऐरोली आणि दुपारची बोट. हे उधाणाचे दिवस आहेत. भरतीनंतरच्या तिसऱ्या तासात पाणी झपाट्याने जातं, त्यामुळे बोटीची वेळ उशिराची घेऊ नका.

*भरती दुपारी ३ ते ६ (चतुर्थी ते अष्टमी).* या दिवशी तिन्ही गोष्टी बसवायचा हट्ट करू नका. भरतीनंतरची बोट धरायला गेलात तर सूर्य मावळतीला असतो आणि फेरी असेलच असंही नाही. सकाळी ओहोटीला ऐरोलीची पायवाट करा, दुपारनंतर नेरूळ करा आणि बोट पुढच्या आठवड्यावर टाका. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे आठवड्याभरात चित्र पूर्ण बदललेलं असतं.

> नेहमीची चूक: 'गेल्या रविवारी मित्राला नऊच्या बोटीत हजारो दिसले' म्हणून या रविवारी नऊची बोट घेणं. सात दिवसांत भरती जवळजवळ सहा तासांनी सरकते. गेल्या रविवारी नऊला भरती होती, तर या रविवारी नऊला जवळपास ओहोटी आहे.

टप्पा ३: बुकिंग

१. बोट निघते ती ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून. हे केंद्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं आहे आणि सोमवारी बंद असतं. बुकिंग आधी ऑनलाइन करायचं. हंगामातले शनिवार-रविवार लवकर भरतात.

२. फेऱ्यांच्या वेळा रोज वेगळ्या असतात, कारण त्याही भरती बघूनच ठरतात. दिलेल्या वेळांमधून भरतीच्या माथ्यानंतर सुरू होणारी फेरी निवडा. तशी एकच फेरी असेल आणि ती भरली असेल तर चढत्या पाण्यातली फेरी नाइलाजाने घेण्यापेक्षा दुसरा दिवस बघा. मधला वार जमत असेल तर उत्तमच. गर्दी कमी, आवाज कमी.

३. माणसं मोजा आणि त्यावरून मोठी बोट की लहान होडी ते ठरवा. ज्यांना नुसती खाडी बघायची आहे, सोबत आजी-आजोबा आहेत, त्यांनी मोठी बोट घ्यावी. ती स्थिर असते. कॅमेरा घेऊन येणाऱ्या चार-पाच जणांनी लहान होडीची चौकशी करावी. ती पाण्याला जवळ असते, उथळात जास्त आत जाते आणि थांबवायला सांगता येते.

४. निघायच्या आदल्या संध्याकाळी केंद्रात फोन करून फेरी नक्की आहे का विचारा. वारा किंवा धुकं असलं तर फेरी पुढे-मागे होते.

> सावधान: खाडीकाठच्या कुठल्याही गावच्या धक्क्यावर जाऊन 'दादा, जरा फिरवून आणता का' असं विचारू नका. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पट्टा २०१५ पासून अभयारण्य आहे. परवानगीशिवाय आत गेलात तर अडचणीत येतो तो होडीवाला, ज्याचं पोट त्या खाडीवर आहे. मासेमारीच्या होडीत तुमच्यासाठी लाइफ जॅकेटही नसतं.

टप्पा ४: सोबत काय घ्यायचं

कपडे फिक्या मातकट किंवा हिरवट रंगाचे. पांढरा शर्ट आणि भडक लाल-पिवळे टी-शर्ट पाण्यावर फार लांबून उठून दिसतात आणि पक्षी बिचकतात. टोपी घ्या, पण हनुवटीखाली दोरी असलेली. बोट वेग घेते तेव्हा साध्या टोप्या खाडीत जातात आणि त्या परत आणायला बोट वळवत नाहीत, वळवूही नये.

पायात मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा जुने बूट. स्लिपर आणि उंच टाचा नकोत. पाणी स्टीलच्या बाटलीत. खाऊ कोरडा, वेष्टनं घरीच काढून डब्यात भरलेला. चिवड्याची पाकिटं वाऱ्यावर उडतात आणि मग तिवराच्या मुळांमध्ये वर्षानुवर्षं अडकून राहतात. तिथे ती जितकी दिसतात तितकी पानंही दिसत नाहीत.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ पुरे. त्याहून मोठ्या पटीची हलत्या बोटीत हातात थरथरते आणि काहीच नीट दिसत नाही. घरात एकच दुर्बीण असेल तर ती आळीपाळीने द्यायची असं आधीच ठरवा. कॅमेऱ्याला किमान ३०० मिलिमीटरची लेन्स हवी. ट्रायपॉड बोटीत निरुपयोगी. फोन झिपच्या जाड पिशवीत ठेवा आणि पिशवी गळ्यात अडकवा.

ओळखपत्र, सनस्क्रीन, एक ओढणी किंवा गमछा, आणि संध्याकाळी नेरूळला जाणार असाल तर डास पळवणारं मलम. बास. ड्रोन आणू नका. अभयारण्यात तो चालत नाही आणि तो उडाला की सगळा थवा उठतो.

टप्पा ५: पोचणं

ठाण्याहून ट्रान्स-हार्बर गाडीने ऐरोली आणि तिथून रिक्षा. रिक्षावाल्याला 'फ्लेमिंगो सेंटर' किंवा 'दिवा जेट्टी' सांगितलं तर बहुतेकांना कळतं. नुसतं 'दिवा' म्हणू नका, मध्य रेल्वेवरचं दिवा स्टेशन वेगळं आहे आणि हा घोळ दर हंगामात कुणाचा तरी होतोच.

ऐरोलीहून नेरूळला जायचं तर ठाण्याहून येणारी नेरूळ किंवा पनवेल गाडी पकडा. वाशी गाडी तुर्भ्यानंतर वाशीकडे वळते, तीत बसलात तर पुन्हा बदलावी लागते. सीवूड्सपर्यंत थेट हवं असेल तर पनवेल गाडीच.

रविवारी निघताना मेगाब्लॉक बघा. ट्रान्स-हार्बर आणि हार्बरवर ब्लॉक असेल तर भरतीचं सगळं गणित बरोबर असूनही बोट चुकते.

> तपासा: फेरीच्या वेळेआधी पाऊण तास केंद्रावर पोचा. नोंदणी आहे, स्वच्छतागृहाला जायचं आहे आणि धक्क्यापर्यंत चालायचं आहे. बोटीत स्वच्छतागृह नसतं. मुलांना आधी घेऊन जा, त्यांनी 'नाही लागली' म्हटलं तरी.

टप्पा ६: मोठ्या बोटीत

धक्क्यावर पोचलात की आधी खांबांकडे बघा. पाणी जिथे आहे त्याच्या वर ओला, काळपट पट्टा दिसत असेल तर पाणी उतरायला लागलं आहे. पट्टा हातभर रुंद झाला असेल तर तुमची वेळ बरोबर जमली. पट्टाच नसेल आणि खांब पाण्याच्या रेषेपासून वर कोरडा असेल तर पाणी अजून चढतंय. खांबाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपांना हात लावू नका. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि खाडीच्या पाण्यातली जखम लवकर बरी होत नाही.

१. लाइफ जॅकेट धक्क्यावरच घाला, बोटीत चढल्यावर नव्हे. सगळे पट्टे लावून खांद्याला धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते सैल आहे. लहान मुलांसाठी लहान मापाचं जॅकेट मागून घ्या. मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल पाण्यात खाली निसटतं. फोटोसाठी जॅकेट उघडणं हा प्रकार फार बोकाळला आहे, तो करू नका.

२. बसायची बाजू उजेड बघून निवडा. खाडी उत्तर-दक्षिण आहे, ऐरोली पूर्व काठावर आणि समोर मुलुंड-भांडुपचा काठ पश्चिमेला. सकाळी सूर्य नवी मुंबईच्या बाजूने येतो, त्यामुळे भांडुपकडचे पक्षी छान उजळतात आणि ऐरोलीकडचे काळे दिसतात. बोट वाशीच्या दिशेने जाताना भांडुपचा काठ उजव्या हाताला असतो, परतताना डाव्या. दुपारनंतर सगळं उलटं. फोटो काळे येण्याचं कारण बहुतेक वेळा कॅमेरा नसतो, चुकीचा बाक असतो.

३. पहिली दहा मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेवा. डोळ्यांना चिखलाचे रंग वेगळे ओळखायची सवय होऊ द्या. लांबची फिकट गुलाबी झालर म्हणजे थवा. त्यात जास्त गुलाबी, बुटके, गडद चोचीचे ते लहान फ्लेमिंगो. उंच, पांढुरके, गुलाबी चोचीला काळं टोक असलेले ते मोठे. ठाणे खाडीत लहान फ्लेमिंगोंची संख्या कितीतरी जास्त असते. मळकट राखाडी दिसणारी पिल्लं आजारी नसतात, त्यांना रंग यायचा असतो.

४. फ्लेमिंगोंवरच अडकून पडू नका. चिखलाच्या कडेला लाल काडीसारख्या पायांचे शेकाटे, वर वळलेल्या चोचीचे उचाटे, काळ्या डोक्याचे शराटी, चित्रबलाक आणि खांबावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे असतात. मुलांना पाच पक्ष्यांची यादी आधीच लिहून द्या. यादी हातात असली की ती शांत बसतात.

५. थव्याजवळ आल्यावर पक्ष्यांच्या माना बघा. सगळ्यांच्या माना खाली आहेत तोवर ते निर्धास्त खात आहेत. माना वर झाल्या आणि थवा एका दिशेने चालू लागला की बोट फार जवळ आली आहे. त्याच क्षणी चालकाला हळू आवाजात 'दादा, इथेच थांबवा' म्हणा. पुढची पायरी म्हणजे पंख उघडणं आणि पाण्यावर धावत उडणं. तो लाल-काळा पंखांचा देखावा फोटोत सुंदर दिसतो, पण त्या एका उड्डाणासाठी पक्ष्याला जितकी ताकद लागते ती त्याला पुन्हा चिखल गाळून कमवावी लागते. 'जरा उडवा ना' असं चालकाला सांगणारे लोक प्रत्येक हंगामात असतात. आपल्या बोटीत कुणी तसं म्हटलं तर गप्प बसू नका.

> सावधान: कुरव पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकू नका. बोटीमागे ते घिरट्या घालतात म्हणून मजा वाटते, पण तळलेलं खारट पीठ त्यांचं अन्न नाही.

> सावधान: पक्षी डावीकडे दिसले की सगळे डावीकडे धावतात आणि बोट कलते. बसल्या जागेवरून बघा. चालक बोट वळवून दुसऱ्या बाजूलाही दाखवतात.

टप्पा ७: लहान होडीत

इथे शिस्त जास्त लागते, कारण होडी तुमच्या प्रत्येक हालचालीला उत्तर देते.

चढताना एका वेळी एकच माणूस. पाऊल होडीच्या मधोमध, कडेवर कधीच नाही. दोन्ही हात मोकळे, कॅमेऱ्याची बॅग मागून कुणीतरी द्यायची. पाय टेकला की लगेच बसा. वजनदार माणसं मधे आणि दोन्ही बाजूंना सारखी वाटून. कुणी कुठे बसायचं ते चालक सांगेल, ते ऐका. नंतर जागा बदलायची असेल तर आधी विचारा.

चालक खाडीकाठच्या गावातला असेल तर त्याला पक्ष्यांपेक्षाही पाण्याबद्दल विचारा. कुठे खोल आहे, चिखलाचा उंचवटा कुठे सरकलाय, खुंट्यांना जाळी कुठे बांधली आहेत. वरून एकसारखं दिसणारं पाणी त्याच्या लेखी वाटा आणि बांध असतात. पाण्यावर बांबूच्या टोकांची रांग दिसली तर तिथे कुणाची तरी जाळी आहे. होडी तिला वळसा घालून जाईल, त्यात वेळ गेला म्हणून कुरकूर करू नका.

उतरत्या पाण्यात होडी रुतण्याची शक्यता असते. रुतली तर आपण काही करायचं नसतं. उभं राहायचं नाही, एका बाजूला झुकायचं नाही आणि ढकलायला खाली उतरायचं तर अजिबात नाही. चालक वल्ह्याने किंवा बांबूने रेटून काढतो. चालक 'आता परत' म्हणाला की परत फिरायचं. आणखी पाच मिनिटं मागितलीत तर ओहोटी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे कित्येक तास, चिखलात बसून राहायची वेळ येऊ शकते.

> तपासा: होडी सुटायच्या आधी चालकाला विचारा: परत किती वाजता यायचं? त्या वेळी धक्क्याला पाणी असेल ना? पाणी उतरल्यावर धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर हिरवं शेवाळ असतं. उतरताना हात धरूनच उतरा.

टप्पा ८: ऐरोलीच्या कांदळवनातून पायी

बोटीतून उतरल्यावर बहुतेक जण थेट रिक्षा शोधतात आणि खाडीचा सगळ्यात जवळून बघण्यासारखा भाग मागे सोडून जातात. ओहोटी असेल तर इथे किमान तासभर द्या.

वाटेच्या दोन्ही बाजूंना मुख्यतः तिवर आहे. चिखलातून वर आलेल्या पेन्सिलीएवढ्या हजारो खुंट्या म्हणजे त्याची श्वासमुळं. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. त्यांवर पाय देऊ नका. तिवराचं पान उलटं करून बघा, खालची बाजू पांढुरकी असते. उन्हाच्या दिवशी पानावर जिभेला लागेल इतकं मीठ साचलेलं असतं, कारण मुळांतून आलेलं जास्तीचं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. काटेरी पानांची, जांभळ्या फुलांची बुटकी झुडपं म्हणजे मारांडी.

आता एका जागी थांबा आणि पाच मिनिटं हलू नका. आधी चिखल रिकामा दिसतो. मग एका बिळातून खेकडा एक चिमटा बाहेर काढतो. दुसरा चिमटा त्याच्या अंगाच्या मानाने भलताच मोठा असतो, तो हलवत नर एकमेकांना इशारे करतात. आणि ओल्या चकाकत्या चिखलावर बोटभर लांबीचं काहीतरी उडी मारतं. तो निवटा. डोक्यावर बेडकासारखे डोळे, पुढच्या परांवर रेटत तो चिखलावरून चालतो, आणि डोळे कोरडे पडले की ते खोबणीत आत ओढून ओले करतो. सावली पडली की नाहीसा होतो, म्हणून सूर्य पाठीशी घेऊन उभे राहू नका.

> सावधान: वाट सोडून चिखलात उतरू नका, फोन पडला तरी. वरून घट्ट दिसणारा चिखल मांडीपर्यंत घेतो. कुणी रुतलंच तर पाय झटक्याने ओढू नका, त्याने दुसरा पाय आणखी खाली जातो. मागे रेलून बसायचं, वजन पसरायचं, पाय थोडा थोडा हलवत सैल करायचा आणि बाकीच्यांनी वाटेवरूनच ओढणी किंवा काठी द्यायची.

टप्पा ९: नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी

खाडी भरली की फ्लेमिंगो जातात कुठे, याचं एक उत्तर इथे आहे. दिल्ली पब्लिक स्कूलजवळचा डीपीएस तलाव आणि चाणक्य प्रशिक्षण संस्थेजवळची पाणथळ या भरतीच्या वेळच्या विसाव्याच्या जागा आहेत. पलीकडच्या काठाला भांडुप पंपिंग स्टेशनकडची पाणथळही तशीच. इथे बोट लागत नाही, तिकीट लागत नाही, पण वेळ मात्र भरतीचीच लागते. ओहोटीला आलात तर रिकामं पाणी दिसेल.

१. सीवूड्स किंवा नेरूळ स्टेशनवरून रिक्षाने या. स्वतःची गाडी असेल तर ती आतल्या रस्त्यावर लावा. पाम बीच रोडच्या कडेला गाडी थांबवून थवा बघणं फार धोक्याचं आहे, तिथे गाड्या सुसाट असतात.

२. भरतीच्या दीड तास आधी जागा धरा. पक्षी येताना बघायचे असतात, आलेले नुसते झोपतात. पाणी वाढेल तसे ते लहान लहान टोळ्यांनी डोक्यावरून येतात आणि तेव्हा त्यांचा हंसांसारखा घोगरा कलकलाट ऐकू येतो.

३. काठावर पसरून उभं राहण्यापेक्षा सगळे एका ठिकाणी थांबा. लांब रांग दिसली की पक्षी तलावाच्या पलीकडच्या टोकाला जातात. पाच-सहा माणसं एकत्र, न हलता उभी राहिली तर थोड्या वेळाने ते आपण होऊन जवळ सरकतात.

४. कुंपण, दोरी किंवा फलक असेल तिथे थांबा. बांधावरून खाली उतरू नका. पाळीव कुत्रा घरी ठेवा.

५. अंधार पडायच्या आधी निघा. डासांचं प्रमाण प्रचंड असतं आणि कांदळवनात कोल्हे आहेत. ते माणसाच्या वाटेला जात नाहीत, पण त्यांच्या संध्याकाळच्या फिरण्याच्या वेळेला आपण तिथे नसावं हे बरं.

चालायची हौस उरलीच असेल तर नेरूळचं 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' जवळच आहे. तलावाभोवती बांधलेला सरळ चालण्याचा मार्ग, आजी-आजोबांना आणि बाबागाडीला सोयीचा.

काही बिघडलं तर

कुणी पाण्यात पडलं किंवा गंभीर दुखापत झाली तर ११२. बोटीत असाल तर चालकाला आधी सांगा, त्याचा केंद्राशी संपर्क असतो. उन्हाने कुणाला गरगरलं तर त्याला सावलीत आडवं करा, मान-काखा ओल्या कपड्याने पुसा आणि शुद्धीत असेल तरच घोटघोट पाणी द्या.

पाणथळीच्या काठाला किंवा रस्त्यावर जखमी फ्लेमिंगो दिसला तर त्याला उचलू नका, पाणी पाजू नका आणि भोवती घोळका करून फोटो काढू नका. मान आणि पाय इतके नाजूक असतात की चुकीच्या पकडीने मोडतात. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, जवळची ठळक खूण सांगा आणि त्यांची माणसं येईपर्यंत दहा पावलं लांब उभे राहून कुत्र्यांना आणि कावळ्यांना हाकलत राहा.